बाथरूमचं पाणी उतरत नाही? आधी केस काढा, पावडरचं नंतर बघू

अंघोळ करताना पाणी घोट्यापर्यंत चढायला लागलं की बहुतेक घरांत एकच क्रम चालतो. दुकानातून पाइप मोकळा करायची पावडर येते, ती जाळीवर ओतली जाते, वरून उकळतं पाणी. फरक पडला नाही की झाडूचा दांडा, नाहीतर लोखंडी सळई. तरीही जमलं नाही की प्लंबरला फोन. तो येतो, जाळी उघडतो, दोन बोटं आत घालून केसांचा पुंजका ओढतो आणि साचलेलं पाणी घळाघळा निघून जातं.

जे पहिल्या पाच मिनिटांत करायचं, ते सगळ्यात शेवटी होतं. तोपर्यंत पावडरीनं पाइप तापलेला असतो, सळईनं गोळा आणखी आत गेलेला असतो आणि जाळीखालच्या ट्रॅपमधलं (पाणी साठून राहणाऱ्या भांड्यातलं) पाणी हात घालण्याजोगं राहिलेलं नसतं.

म्हणून क्रम पाठ करा. अडकलेलं आधी हातानं बाहेर काढायचं. उरलेलं रबरी वाटीच्या पंपानं हलवायचं. त्यानंही भागलं नाही तर स्प्रिंगनं, म्हणजे पाइपमध्ये फिरवत सोडायच्या लांब लवचिक तारेनं, ओढायचं. विरघळवायचं औषध अगदी शेवटी, आणि माझं मत विचाराल तर बहुतेक वेळा नाहीच.

इथे सांगतोय ते आपल्याकडच्या फ्लॅटमधल्या नेहमीच्या बाथरूमबद्दल: फरशीला उतार, कोपऱ्यात जाळी, जाळीखाली नहाणी ट्रॅप. बाथटब असेल तर त्याचा भाग पुढे वेगळा दिला आहे.

## जाळीखाली काय असतं ते आधी समजून घ्या

जाळीखाली वाडग्यासारखं भांडं असतं आणि त्याला पुढे वळण घेतलेला पाइप जोडलेला असतो. त्या वळणात साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच पाणी कायम साठून राहतं. गटाराचा वास आणि झुरळं वर येऊ नयेत म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. पुष्कळ लोक टॉर्च मारतात, आत पाणी दिसतं आणि "बघा, तुंबलंय" म्हणतात. ते तुंबलेलं नाही, ते तिथे हवंच.

यात तीन गोष्टी घरोघरी वेगळ्या असतात.

पहिली, वाटी. बऱ्याच जाळ्यांच्या पोटाशी एक उपडी वाटी अडकवलेली असते. दुकानात तिला कॉकरोच जाळी म्हणतात. मधल्या उभ्या नळीवर ती टोपीसारखी बसते. पाणी तिच्या काठाखालून वळसा घेऊन जातं आणि केस नेमके त्या काठाला गुंडाळले जातात.

दुसरी, बाजूचं बूच. काही ट्रॅपच्या आतल्या भिंतीत रबराचं किंवा आट्यांचं बूच असतं. ते काढलं की वळण टाळून थेट पुढच्या पाइपमध्ये शिरता येतं. स्प्रिंगची वाट हीच.

तिसरी, बाजूनं येऊन मिळणारे पाइप. बेसिनचं किंवा वॉशिंग मशीनचं पाणी याच ट्रॅपमध्ये सोडलेलं असू शकतं. पंप मारताना ही तोंडं बंद करावी लागतात. पंप मारून काही होत नाही अशी तक्रार करणाऱ्यांचं निम्म्या वेळा इथेच चुकलेलं असतं.

## काहीही उघडण्याआधी: तुंबलंय कुठे?

हे तपासायला दहा मिनिटं लागतात आणि त्यावरच पुढचं सगळं ठरतं.

फक्त बाथरूमच्या जाळीतून पाणी हळू जातंय, बेसिन आणि संडास ठीक आहेत? मग अडथळा ट्रॅपमध्ये किंवा त्याच्या पुढच्या हात-दोन हात पाइपमध्ये आहे. हे काम तुम्ही करू शकता.

बेसिनचं पाणी सोडलं की बाथरूमच्या जाळीतून वर येतं? दोन्ही जिथे एकत्र होतात त्याच्या पुढे अडथळा आहे. जाळी साफ करून बघा, पण पंप आणि स्प्रिंग लागतील असं धरून चला.

तुमच्या घरात कुणीच पाणी वापरत नाही, तरी जाळीतून काळं पाणी वर येतंय? किंवा वरच्या मजल्यावर मशीन सुटलं की तुमच्याकडे पाणी चढतंय? मग तुंबलीय ती इमारतीची उभी लाइन किंवा खालचा चेंबर. तळमजला आणि पहिला मजला यांना हा त्रास सगळ्यात आधी होतो, पावसाळ्यात तर फारच.

थांबा: या शेवटच्या प्रकारात पंप किंवा स्प्रिंगला हात लावू नका. लेखातला "सोसायटीला कधी कळवायचं" हा भाग थेट वाचा.

घरात नुकतंच टाइल्सचं काम झालंय का, तेही आठवा. मिस्त्री लोक फरशी धुताना सिमेंटचं आणि जोड भरायच्या व्हाइट सिमेंटचं पाणी जाळीतच सोडतात. ते वळणात बसतं आणि तिथेच घट्ट होतं. त्यावर पावडर चालत नाही, पंपही नाही. ते फोडून काढावं लागतं किंवा ट्रॅप बदलावा लागतो. काम करून देणाऱ्याला लगेच बोलवा, महिन्यानं नाही.

## तयारी

कोपरापर्यंत येणारे रबरी हातमोजे, डोळ्यांना साधा प्लास्टिकचा चष्मा, टॉर्च (मोबाइलचा नको, ओल्या हातातून सुटतो), बादली, मग, जुना टूथब्रश, चपट्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर, लांब तोंडाची पक्कड, जुनी फडकी तीन-चार, वर्तमानपत्र आणि घाण टाकायला जाड पिशवी.

हार्डवेअरच्या दुकानातून तीन वस्तू आणा. केस ओढायची काटेरी प्लास्टिकची पट्टी: हात-दीड हात लांब, दोन्ही कडांना उलटे दात. रबरी वाटीचा पंप. आणि ३ ते ५ मीटरची हाताने फिरवायची स्प्रिंग. पट्टी मिळाली नाही तर कपड्यांच्या हँगरची तार सरळ करून टोकाला लहानसा आकडा वाकवा. बाइंडिंगची तार आणू नका. ती मऊ असते, आत गेल्यावर नुसती वाकते.

मग घरच्यांना सांगा: तासभर बेसिन वापरायचं नाही, मशीन लावायचं नाही. गिझर बंद करा. खिडकी उघडा, पंखा लावा. साचलेलं पाणी मगानं बादलीत काढून संडासात ओता, पण आधी एकदा फ्लश करून संडास नीट वाहतोय ना ते बघा.

तपासणी: कुणी आधीच पावडर किंवा ॲसिड ओतलंय का? स्पष्ट विचारा. घरात एकानं सकाळी ओतलेलं असतं आणि दुसरा संध्याकाळी हात घालतो. साचलेलं पाणी कोमट किंवा बोटांना बुळबुळीत लागत असेल, नाकाला झोंबत असेल, तर हातानं काम करायचं नाही आणि पंप तर मुळीच मारायचा नाही. तोंडावर उडतं. पाणी थोडं थोडं झिरपत असेल तर साधं पाणी अधूनमधून सोडत राहा, दुसऱ्या दिवशी बघा. मुळीच झिरपत नसेल तर प्लंबरला बोलवा आणि आत काय ओतलंय ते तो हात घालण्याआधी सांगा. हे न सांगणं म्हणजे त्या माणसाच्या हाताशी खेळ आहे.

## टप्पा १: जाळी उघडणं

जाळी तीन प्रकारे बसवलेली असते: दोन स्क्रूंनी, फिरवून अडकवलेली, किंवा नुसती खाचेत ठेवलेली. कडेनं व्हाइट सिमेंट चढलं असेल तर जुन्या ब्लेडनं किंवा सुरीच्या टोकानं कड हळूहळू मोकळी करा. छिन्नी-हातोडी घेतलीत तर जाळी निघेलच, सोबत टाइलचा टवकाही निघेल.

स्क्रू गंजलाय? तेलाचे दोन थेंब सोडा, दहा मिनिटं थांबा, मग फिरवा. घाई केलीत तर डोक्याची खाच झिजते आणि मग तो ड्रिल करूनच काढावा लागतो.

उचलण्याआधी आणि उचलल्यानंतर मोबाइलवर एकेक फोटो काढून ठेवा. परत बसवताना वाटी कुठल्या बाजूनं होती हे हमखास विसरायला होतं.

## टप्पा २: वाटी आणि भांडं

वाटी निघत असेल तर ती काढा आणि वर्तमानपत्रावर उपडी ठेवा. काठाला केसांचं कडं दिसेल. ते सुरीनं कापून एका तुकड्यात ओढून काढा. मग मधली उभी नळी बघा. तिच्या तोंडावर साबणाचा पांढरट, चिकट थर जमतो. बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांत तो जास्त, कारण जड पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा संयोग झाला की न विरघळणारा साका तयार होतो. हा साका म्हणजे केसांना धरून ठेवणारा गोंदच. टूथब्रशनं खरवडून काढा, आणि पुन्हा खाली पडू देऊ नका. फडक्यानं पुसून पिशवीत टाका.

वाटीबद्दल एक चूक फार होते. पाणी हळू जातं म्हणून लोक ती काढून फेकून देतात. आधी टॉर्च मारून खाली बघा. खालच्या वळणात पाणी साठलेलं दिसत असेल तर वास अडवायला ते आहे. वाटी काढून ठेवली तरी एकवेळ चालेल. खाली पाणी दिसत नसेल, पाइप कोरडा सरळ जात असेल, तर वास आणि झुरळं अडवणारी ही एकमेव गोष्ट आहे. ती गेली की महिनाभरात घरात गटाराचा वास पसरतो आणि मग अगरबत्त्या लावत बसावं लागतं.

## टप्पा ३: केस बाहेर काढणं

या टप्प्याला निवांत वेळ द्या. दहापैकी आठ घरांचं काम इथेच संपतं, आणि नेमका इथेच लोकांना किळस येते म्हणून ते तो गाळतात.

काटेरी पट्टी भांड्याच्या कडेनं, पाइपच्या तोंडाकडे सरकवा. वळणाशी अडेल. तिथे जोर न लावता पट्टी अर्धी-पाव फिरवा, थोडी मागे घ्या, पुन्हा पुढे. वळण पार झालं की हाताला सैल लागतं. आता चार-पाच वेळा मागेपुढे करा आणि सावकाश, एका लयीत बाहेर ओढा. झटका दिलात तर गोळा मध्येच तुटतो आणि मागचा अर्धा भाग आत घसरतो.

बाहेर येतं ते दिसायला दोरखंडासारखं असतं: वरून राखाडी, आतून काळं, साबणानं लडबडलेलं, मनगटाएवढं जाड, पुढे शेपटीसारखं निमुळतं. आमच्या घरातल्या एका गोळ्यात मी मोजून बघितलं होतं: शाम्पूच्या पाकिटांचे फाडलेले चार कोपरे, दोन टिकल्या, कंगव्याचा दात, शर्टाचं बटण आणि एक उघडी सेफ्टी पिन. ती पिन मोज्याला लागली होती, हात वाचला. म्हणून सांगतो, मोजे घातल्याशिवाय बोटं आत घालू नका, कितीही ओळखीचं बाथरूम असलं तरी.

पट्टी पुसा, पुन्हा घाला. दोनदा रिकामी बाहेर आली की हा टप्पा झाला. एकदा गोळा निघाला म्हणून थांबू नका; मागे दुसरा असतो.

निघालेलं काहीही संडासात टाकायचं नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून सुक्या कचऱ्यासोबत बाहेर द्या.

तपासणी: एक भरलेली बादली एकदम ओता आणि मोबाइलवर वेळ लावा. आकडा लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक टप्प्यानंतर त्याच बादलीनं हीच चाचणी करायची. "आता बरं वाटतंय" यावर विसंबू नका. वेळ कमी झाली का, तेवढंच बघा.

पाणी भराभर जात असेल तर थेट टप्पा ४ करा आणि जाळी बसवा. पंपाची गरज नाही.

## टप्पा ४: गरम पाणी आणि भांड्यांचा साबण

पाणी निदान हळूहळू तरी जात असेल तरच हा टप्पा. भांडी घासायचं लिक्विड अर्धी वाटी ओता, दहा मिनिटं मुरू द्या, मग गिझरचं कडक पाणी दोन बादल्या सलग सोडा. तेलकट थर सुटायला एवढं पुरतं.

इशारा: गॅसवर उकळलेलं पाणी ओतू नका. पांढऱ्या किंवा राखाडी पीव्हीसी पाइपला ६० अंशांपर्यंतचं पाणी ठीक. उकळत्या पाण्यानं पाइप मऊ पडतो, सांधे ढिले होतात. गळती फरशीखाली सुरू होते, कळते मात्र खालच्या शेजाऱ्याच्या छतावर. जुन्या इमारतीतला बीडाचा पाइप उकळतं पाणी सोसेल, पण त्याला पुढे जोडलेला नवा तुकडा पीव्हीसीचा असू शकतो.

खायचा सोडा आणि व्हिनेगर हा उपाय घरोघरी पोचला आहे. फेस खूप येतो, त्यामुळे काहीतरी होतंय असं वाटतं. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात. मागे मिठासारखा क्षार घातलेलं पाणी उरतं. केस त्यानं सुटत नाहीत. वास थोडा कमी होतो, तेवढाच उपयोग.

## टप्पा ५: पंप

पंपाचं काम दाबण्याइतकंच ओढण्याचं आहे. जोर लावून खाली ठोसत राहिलात तर गोळा पुढे सरकून आणखी घट्ट बसतो.

१. बाजूची सगळी तोंडं बंद करा. बेसिनच्या भोकात आणि त्याच्या वरच्या ओव्हरफ्लोच्या फटीत ओलं फडकं घट्ट कोंबा. मशीनचा पाइप जिथे सोडलाय तिथेही. फडक्याचं एक टोक बाहेर लोंबू द्या, नाहीतर फडकंच आत जाईल.

२. ट्रॅपच्या तोंडावर पंपाची वाटी पूर्ण बसली पाहिजे. काठाला थोडं व्हॅसलीन लावलं तर धरून बसते. वाटीचा काठ बुडेल इतकं पाणी हवं. कोरड्यावर पंप मारणं म्हणजे नुसती हवा इकडून तिकडे करणं.

३. पहिली दाब हळू. आतली हवा निघून जाऊ द्या.

४. मग वाटी न उचलता पंधरा-वीस वेळा दाबा आणि ओढा, ओढताना जास्त जोर. शेवटच्या वेळी झटक्यात वर उचला.

५. वर आलेला कचरा मगानं काढून घ्या. तो परत आत जाऊ देणं ही इथली नेहमीची चूक.

असं तीन-चार वेळा करा, प्रत्येक वेळी बादलीची चाचणी. चौथ्यांदाही वेळेत फरक नाही, तर पंपाचं काम संपलं. थकेपर्यंत मारत राहून उपयोग नाही.

तपासणी: कोंबलेली फडकी काढलीत का? मोजून काढा.

## टप्पा ६: स्प्रिंग

आधी अंतर मोजा. ट्रॅपपासून डक्टच्या (इमारतीचे उभे पाइप जातात त्या मोकळ्या जागेच्या) भिंतीपर्यंत किती? समजा दोन मीटर. स्प्रिंगवर दोन मीटरला रंगीत चिकटपट्टीची खूण करा. खुणेपलीकडे गेलात की टोक इमारतीच्या उभ्या पाइपमध्ये लोंबायला लागतं. तिथे ते अडकलं तर बाहेर काढायला डक्टमध्ये पाइप उघडावा लागतो.

ट्रॅपमध्ये बूच असेल तर ते काढून तिथून शिरा. नसेल तर वळणातून जावं लागेल. त्याला सबुरी लागते.

स्प्रिंग घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवत आत सोडा. अडली की हात काय सांगतो ते ऐका. वळण असेल तर टणक लागतं आणि फिरवत राहिलं की एकदम पुढे सुटतं. केसांचा गोळा असेल तर लवचिक लागतं, फिरवल्यावर स्प्रिंग पीळ खाते आणि सोडलं की हँडल उलटं फिरू बघतं. तसं झालं की आठ-दहा वळसे त्याच दिशेनं द्या म्हणजे केस टोकाला गुंतील. आता बाहेर ओढा, आणि ओढतानाही त्याच दिशेनं फिरवत राहा. उलटं फिरवलं की गुंतलेलं सगळं सुटून आत राहतं. पुष्कळांची स्प्रिंग रिकामी बाहेर येते ती यामुळे.

सळई किंवा पहार कधीही नको. एका पावसाळ्यात मी घाईनं लोखंडी सळई घातली होती. पाणी उतरलं, मला वाटलं जिंकलो. तीन आठवड्यांनी खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छतावर पिवळा ओघळ दिसला. ट्रॅपच्या कोपराला तडा गेला होता आणि पाणी फरशीखालच्या भरावात मुरत होतं. शेवटी टाइल्स फोडून ट्रॅप बदलावा लागला. काकू एक शब्द बोलल्या नाहीत, पण त्यांचं छत सुकेपर्यंत मला जिन्यात त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

## पावडर आणि ॲसिड

पाइप मोकळा करायच्या पावडरीत मुख्यतः कॉस्टिक सोडा असतो. तेल-चरबीवर तो चालतो, केसही वेळ दिला तर सडवतो. पण पाणी पूर्ण अडलेलं असताना तो गोळ्यापर्यंत पोचतच नाही, वरच्या पाण्यात विरघळून राहतो. कमी पाण्यात जास्त पावडर पडली तर तिचाच दगडासारखा खडा होऊन बसतो, आणि तो केसांपेक्षा वाईट.

सगळे टप्पे झाले, पाणी हळूहळू का होईना उतरतंय, तरीही वापरायचीच आहे? मग पाकिटावरचं प्रमाण आणि वेळ पाळा, चष्मा-मोजे काढू नका, ॲल्युमिनियमच्या भांड्यात कालवू नका (त्यातून हायड्रोजन वायू निघतो), लहान मुलांना त्या वेळात बाथरूमपासून लांब ठेवा. एकदाच वापरा. फरक पडला नाही म्हणून दुसरं पाकीट नको.

इशारा: पावडरीवर ॲसिड कधीही ओतू नका, त्यानं उसळी येते. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. संडास साफ करायच्या बऱ्याच लिक्विडमध्ये ॲसिडच असतं, हे लक्षात असू द्या. डोळ्यांत काही उडालं तर निदान पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरून धुवा आणि मग लगेच डॉक्टर.

## बाथटब असेल तर

क्रम तोच, जागा वेगळ्या.

आपल्याकडच्या बहुतेक फ्लॅटमध्ये टबचा पाइप टबाखालच्या फरशीतल्या ट्रॅपमध्येच सोडलेला असतो. टबच्या बाजूच्या भिंतीला लहानशी झडप असते. ती उघडून टॉर्च मारा. टबाखाली फरशीवर पाणी पसरलेलं असेल तर टब तुंबलेला नाही, खालचा ट्रॅप तुंबलाय. मग वरचे सगळे टप्पे तिथे करायचे.

खालचा ट्रॅप ठीक असेल तर टबचं बूच काढा. पायानं दाबून उघडणारं बूच बहुधा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं फिरवलं की निघतं. परदेशातल्या जुन्या घरांत, अमेरिकेत विशेषतः, ओव्हरफ्लोच्या चकतीवर खिट्टी असते. चकतीचे दोन स्क्रू काढले की आतली दांडी चकतीसकट वर ओढून घेता येते. केस त्या दांडीच्या खालच्या टोकाला लोंबत असतात. दांडी परत बसवताना लांबी बदलू नका, नाहीतर बूच अर्धवटच उघडेल आणि पाणी पुन्हा हळू जाईल.

पंप मारताना ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्यानं बंद करा. टबच्या बाबतीत हमखास राहून जाणारी गोष्ट ती हीच. आणि स्प्रिंग तळाच्या भोकातून न घालता ओव्हरफ्लोमधून घाला. तिथून वाट सरळ असते. स्प्रिंगखाली फडकं अंथरा, ॲक्रिलिकवर ओरखडे लगेच पडतात.

## सोसायटीला कधी कळवायचं

स्प्रिंग खुणेपर्यंत मोकळी जातेय पण पाणी उतरत नाही, दोन्ही बाथरूम एकदम तुंबलीत, किंवा जाळीतून दुसऱ्यांचं पाणी वर येतंय, तर अडथळा सामाईक लाइनमध्ये आहे. सेक्रेटरींना लेखी कळवा, सोबत व्हिडिओ द्या. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सामाईक ड्रेनेज लाइनची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चानं होते; फ्लॅटच्या आतलं काम तुमचं. कळवल्यावर वरच्या मजल्यांना थोडा वेळ पाणी न वापरण्याची विनंती करा, त्यानं तुमच्याकडचं चढणं लगेच थांबतं.

चेंबर किंवा सेप्टिक टँक साफ करायची वेळ आली तर यंत्राची गाडी बोलवा. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. आतल्या वायूनं माणूस क्षणात कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. "पाचच मिनिटांचं काम आहे" असं कुणी म्हणालं तर तिथेच अडवा.

## परत बसवणं

बूच काढलं होतं का? आधी ते, घट्ट. ते विसरलं की पाणी झकास जातं आणि दुसऱ्या दिवसापासून गटाराचा वास येतो, कारण वळण टाळून वाट उघडी राहते. मग वाटी, फोटोत होती तशी. मग जाळी. स्क्रूच्या आट्यांना तेलाचं बोट लावा, पुढच्या वेळी सहज निघेल. शेवटी दोन मग पाणी ओतून वळण भरून घ्या, आणि बादलीची चाचणी एकदा वेळ लावून करा. हा आकडा जाळीजवळच्या टाइलवर नको, पण कुठेतरी लिहून ठेवा. पुढे हळू व्हायला लागलं की तुलना करता येईल.

मे महिन्यात गावी जाऊन महिन्यानं परतलात आणि बाथरूममध्ये वास येत असेल तर काही तुंबलेलं नाही. वळणातलं पाणी उडून गेलंय. दोन मग पाणी, बस.

## पुन्हा तुंबू नये म्हणून

डोकं धुतल्यावर जाळीवरचे केस त्याच वेळी उचलायचे, पायानं आत सारायचे नाहीत. महिन्यातून एकदा जाळी उघडून वाटी धुवायची. शाम्पूचं पाकीट फाडलं की तो कोपरा हातातच ठेवायचा.

दोन सणांना खास लक्ष द्या. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला तेल, उटणं आणि सगळ्या घराचे केस एकाच सकाळी एकाच जाळीत जातात. पाडव्याच्या सुमाराला घराघरांत पाणी तुंबायला लागतं ते त्यामुळे. त्या दिवशी जाळीवर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा दाबून ठेवा, अंघोळी झाल्या की उचलून झटका, आणि वर भांड्यांच्या साबणाचं गरम पाणी सोडा. आणि गणपतीचं घरी बादलीत विसर्जन केलंत तर शाडूचं पाणी मोरीत ओतू नका. माती दोन दिवस खाली बसू द्या, वरचं नितळ पाणी झाडांना घाला, खालची माती वाळवून पुढच्या वर्षीच्या मूर्तीसाठी ठेवा. ट्रॅपच्या वळणात बसलेली शाडू पंपालाही दाद देत नाही. ती चमच्यानं खरवडूनच काढावी लागते.